धुऱ्याधुऱ्यानं चालणारा माणूस

यवतमाळात मी ज्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, ते आमचे घरमालक काका मोकळ्या मैदानातून कधीच सरळ गेले नाहीत. घरासमोर एक मोठी पडीक जागा होती आणि तिच्या पलीकडे किराणा दुकान. अख्खी गल्ली त्या जागेतून तिरपी जायची, चालून चालून पायवाट पडली होती. काका मात्र डाव्या कडेने टोकापर्यंत जायचे, तिथे काटकोनात वळायचे आणि मग दुकान गाठायचे. साखर आणायला निघालेला माणूस चहा उकळून आटला तरी परत आलेला नसायचा.

मी एकदा विचारलं, "काका, सगळे मधून जातात, तुम्ही काहून एवढा फेरा मारता?"

"तिथं सहा जनाईचे प्लॉट हायेत," ते म्हणाले. "तिरपा गेलो तं चौघाईच्या घरातून जातो मी."

घरं कुठे होती? बाभळी होत्या आणि एक मोडकी हातगाडी होती. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "आज नाई. घरं बांधल्यावर माही सवय एकाएकी जाईन का?"

शेतात दोन वावरांच्या मधे जो बांध असतो त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. काका शहरातसुद्धा धुऱ्याधुऱ्यानं चालायचे. दिसत नसलेला धुरा त्यांना दिसायचा. सगळी नोकरी त्यांनी सरकारी मोजणी खात्यात काढली होती, त्यामुळे जमीन म्हटली की आधी कुणाची आणि कुठपर्यंत, हेच त्यांच्या डोक्यात यायचं. त्यांची दोन पावलं म्हणजे पाच फूट. पाऊस असो, चिखल असो, पाच म्हणजे पाच. हा माणूस कुठेही गेला की मोजूनच यायचा. एकदा कुणाच्या तेराव्याला गेले आणि घरी येऊन म्हणाले, "त्याईची मांगची भित शेजाऱ्याच्या जागेत नऊ इंच गेली हाये."

काकूंनी कपाळाला हात लावला. "सांगतलं तं नाई ना तिथं?"

"तेराव्याले कोन सांगते? चौदाव्या दिवशी सांगीन."

आणि सांगितलं. त्या घराशी त्यांचं बोलणं पुढे बरीच वर्षं बंद होतं. काकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण भिंत खरोखरच नऊ इंच गेलेली होती.

पेपरातल्या प्लॉटच्या जाहिराती ते कापून ठेवायचे. विकत घ्यायला नव्हे, तपासायला. 'बसस्टँडपासून फक्त पाच मिनिटे' असं छापलेलं असलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटी घड्याळ लावून बसस्टँडवर हजर. परत आल्यावर त्या कात्रणावर लाल पेन्सिलीने शेरा लिहायचे. एक मला अजून आठवतो: 'बत्तीस मिनिटे. चप्पल तुटली.' अशा शेऱ्यांची एक जाडजूड फाईल त्यांच्याकडे होती आणि जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला ते ती आधी वाचायला द्यायचे. बरेच जण ती वाचून परत यायचेच नाहीत.

आता माझं सांगते. मी फुलसावंगीची. घरी कापूस, सोयाबीन, तुरीची शेती. बाबा गेल्यानंतर दोन्ही भावांनी मला महागावला रजिस्ट्री ऑफिसात नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावांच्या नावे सोडला. कुणी दमदाटी केली नाही. सगळ्याच बहिणी सोडतात, मीही सोडला. अंगठा मशीनवर ठेवला, फोटो काढला, भावाने साडी घेतली, हॉटेलात जेवलो. त्यानंतर गावी गेले की वहिनी म्हणायची, "ताई, किती दिवस राहता?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला तो प्रश्न लागायचा. लग्न केलेलं नव्हतं. एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. चौतिसाव्या वर्षी जगाच्या पाठीवर माझ्या नावाची वीतभर जागा नव्हती आणि ती मला हवी होती. ऑफिसात सगळे 'इन्व्हेस्टमेंट' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायचे. खरं कारण सांगायची लाज वाटायची.

आमच्या ऑफिसातले अकाउंटंट फावल्या वेळात प्लॉट दाखवायचे. फावला वेळ त्यांना भरपूर होता. पांढरकवड्याजवळ, केळापूरच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागून एक लेआउट पडला होता. त्यांनी मला आणि आणखी दोघींना गाडीतून नेलं. रस्त्याच्या कडेलाच जमीन, पांढऱ्या चुन्याच्या सरळ रेषा, चार कोपऱ्यांना रंगीत झेंडे. गाडीत एसी चालू होता. अकाउंटंट म्हणाले, "मॅडम, ऊन हाये, उतरू नका. बोट दाखवा, तो तुमचा." मी काच खाली केली, बोट दाखवलं. चौदा नंबर. परतताना मला जे वाटत होतं ते लग्न ठरलेल्या मुलीला वाटत असावं, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मी काकांना अकाउंटंटनी दिलेला सातबारा दाखवला. सातबारा म्हणजे शेत कुणाचं, किती, ते सांगणारा कागद. काका भिंग घेऊन बसले. पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरला.

"कागद साफ हाये," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी विचारलं, "जेवली का तिथं?"

"कुठं?"

"प्लॉटवर. भाकर खाल्ली का बसून?"

हा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्या गल्लीला पाठ होता. ज्या जमिनीवर बसून जेवलो नाही तिचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायचा नाही. जो कुणी सल्ला विचारायला यायचा त्याला हाच पहिला प्रश्न. लोक बाहेर जाऊन हसायचे. काकू तर समोरच म्हणायच्या, "ह्या मानसाचं जेवन घरी कमी अन् लोकाईच्या प्लॉटवर जास्त झालं."

मला राग आला होता. कागद साफ आहे म्हणतात आणि वर हा खुळेपणा. पण इसार द्यायला सोमवार उजाडायचा होता आणि मधे रविवार मोकळा होता. काकूंनी ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा असा डबा बांधून दिला. आम्ही एसटीने पांढरकवड्याला आणि तिथून ऑटोने लेआउटपाशी उतरलो.

फाल्गुनातलं ऊन होतं. काकांनी कडेला चपला काढल्या, हातात डबा घेऊन उभे राहिले आणि मोकळ्या रानाला हाक मारली, "कोनी हाये का वो?"

कोणीच नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. "काका, चला ना आत, बसू," मी म्हणाले.

"मालकानं या म्हनल्याबिगर?"

शेवटी आम्ही धुऱ्यावरच्या बोरीखाली बसलो. आत जायचं नाही म्हणजे नाही. परवानगी मिळाली तरी ते कडेलाच बसतात, हे मला नंतर कळलं. मी भाकरी वाढल्या. मनात म्हटलं, लवकर जेवा आणि चला.

दुसरी भाकर मोडली तेव्हा एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर पऱ्हाटीचा भारा, म्हणजे कापूस निघून गेल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. जवळच्या पोडावरची, कोलाम वस्तीतली. तिने भारा टाकला, आम्हाला नीट पाहिलं.

"कोन व्हय तुमी?"

"प्लॉट पाहाले आलो, माय," काका म्हणाले. "बस. भाकर खाय."

ती बसली. भाकर घेतली, ठेच्याला लावून एक घास खाल्ला. मग विचारलं, "कोनता प्लॉट?"

काकांनी समोर हात केला.

"हे तं माहं वावर व्हय," ती म्हणाली.

मी काकांकडे पाहिलं. ते जेवत होते. त्यांनी तिच्या हातावर थोडी भाजी ठेवली आणि म्हणाले, "मंग ह्या रेषा?"

"मले सांगतलं, कबड्डीचे सामने हायेत. कापूस वेचून उलंगवाडी झालीच हाये तुमची, पंधरा दिस वावर द्या. म्या म्हनलं, घ्या. पोट्टे खेळतीन." तिने घास गिळला. "रोज पाहाले येनं होते माहं. कोनी खेळत नाई. गाड्या येतेत, काचा खाली होतेत, एक बोट बाहेर येते अन् गाड्या जातेत. अन् मले एक सांगा, कबड्डीले चाळीस मैदानं कायले लागते?"

तिला बरंच काही कळलेलं होतं. काय कळलंय ते सांगायला माणूस मिळत नव्हता. गाडीतून कुणी उतरतच नव्हतं. त्या गाड्यांतून बाहेर आलेल्या बोटांपैकी एक माझं होतं, आणि ते मला त्या क्षणी हातातल्या घासासकट लपवावंसं वाटलं.

काकांनी खिशातून सातबारा काढून त्यावरचं नाव तिला वाचून दाखवलं. "ह्याचं वावर कोठी?"

तिने वावराच्या टोकाच्या नाल्यापलीकडे हनुवटी केली. "थे त्या तिकडं. गोटेच हायेत सारे. बैल उतरत नाई."

जेवण झाल्यावर काकांनी तिला विचारलं, "माय, तुह्या वावरातून जाऊ का? कडेकडेनं जातो." ती हो म्हणाली. ते रस्त्याच्या दगडापासून पावलं मोजत नाल्यापर्यंत गेले, तिथे खाली वाकून जुना हद्दीचा दगड शोधला, पलीकडे गेले, परत आले. अर्धा तास गेला. मी आणि म्हातारी बोरीखाली बसून होतो. ती एकदा म्हणाली, "बुढा बराबर चालते."

कागद साफ होता, पण त्या कागदावरची जमीन नाल्यापलीकडची होती. तिला ना रस्ता ना पाणी. गिऱ्हाइकाला दाखवायला रस्त्याची जमीन हवी होती. म्हातारीची जमीन आदिवासीची. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती कुणाला विकता येत नाही. म्हणून ते लोक तिची जमीन विकत नव्हते. फक्त दाखवत होते. खरेदीखत होणार गोट्यांचं.

काकांनी तिला सगळं समजावून सांगितलं, पोडावरच्या शिकलेल्या माणसाला पाठव, मी मोजणीचा अर्ज लिहून देतो म्हणाले. आणि मग म्हणाले, "ह्या रेषा पुसून टाक. मले पुसता येत नाई, तुले येते."

ती उठली आणि अनवाणी पायाने चुन्याची एक रेष घासून काढली. मग दुसरी. तो चौदा नंबर होता की तेरा, हे आता सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले. करंजी मागे पडल्यावर आपणहून बोलायला लागले.

"मी नवा होतो नोकरीत. झरी जामणीकडं एका मोजनीले गेलतो. जंगलातलं गाव, दिवसातून एकच गाडी. भर दुपारी मोजून राह्यलो होतो. ज्या बाईचं वावर होतं तिनं भाकर आनली. म्हने, साहेब, दोन घास खा, मंग मोजा. मी म्हनलं, सरकारी मानूस पक्षकाराचं खात नाई. ताठ होतो ना मी. तिनं भाकर फडक्यात गुंडाळली अन् बाजूले उभी राह्यली. मी दगड पाह्यला, दगडापासून मोजनीची साखळी लावली, नकाशा केला, गाडी धरली."

"मग?"

"थो दगड पुरात वाहून गेल्ता. कोनीतरी उचलून भलतीकडंच गाडला होता. तिले मालूम होतं. जेवाले बसलो असतो तं दोन घासात सांगतलं असतं तिनं. मी बसलोच नाई." त्यांनी खिडकीची काच वर ओढली. "अर्धा एकर गेला तिचा. माह्या सहीनं. मांगून दुरुस्तीचा कागद करून गेलो, तं बाई गाव सोडून गेलती. माहा नकाशा बराबर होता, पोरी. दगड खोटा होता."

ज्या नियमाला सगळी गल्ली हसत होती, त्याला मीही खुळेपणा म्हटलं होतं. मला त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. यवतमाळ येईपर्यंत मी त्यांचा रिकामा डबा मांडीवर धरून बसले.

सोमवारी मी अकाउंटंटना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी व्यवहार कराले गेलत्या का जेवाले?" मग खालच्या आवाजात म्हणाले की त्यांनी स्वतः तिथे दोन प्लॉट घेऊन ठेवले आहेत आणि भाव दुप्पट होणार आहेत. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. पुढे जुलैत कुठल्यातरी बारशाहून येताना त्यांनी तिथे गाडी थांबवली. झेंडे नव्हते. रस्त्यापासून नाल्यापर्यंत गुडघ्याएवढा कापूस उभा होता. त्या वेळी ते गाडीतून उतरले, असं ऐकलं.

त्यानंतर वर्षभर मी आणि काका रविवारी जेवायला जात होतो. अकरा प्लॉट जेवून झाले. एक त्यांनी नापास केला, कारण तीन माणसं आली आणि तिघांनी तीन मालक सांगितले. एका ठिकाणी जेवण संपेपर्यंत कुणीच आलं नाही. मला ती जागा शांत म्हणून आवडली होती. काका हात धुता धुता म्हणाले, "जिथं दोन मानसं भाकर खाऊन राह्यले अन् कोनी विचारत नाई, तिथं तू एकटी राहशील कशी?" तोही गेला.

बारावा आर्णी रोडच्या बाजूला होता. लहान, कोपऱ्यात थोडा तिरपा. आम्ही विकणाऱ्या गुरुजींना विचारून कडेला बसलो. भाजी वाढेपर्यंत शेजारच्या घरातून एक बाई लोणच्याची वाटी घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या त्या जागेची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळ्या झाल्या. पावसाचं पाणी त्या कोपऱ्यात गणपतीपर्यंत साचतं. नळ एक दिवसाआड येतो. मागचा कुत्रा भुंकतो, पण चावत नाही. काका खूष. बाई गेल्यावर म्हणाले, "खोट समजली. आता घे."

रजिस्ट्री ऑफिसात तशीच खुर्ची होती, तसंच अंगठ्याचं मशीन. महागावला याच अंगठ्याने सगळं सोडलं होतं. इथे मशीनने तो दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा घेतला. काका साक्षीदार म्हणून सही करताना इतके सावकाश लिहीत होते की मागच्या रांगेतला माणूस कुरकुरला.

तिथून आम्ही सरळ प्लॉटवर गेलो. काकूही होत्या, डबा त्यांनीच आणला होता. मी आणि काकू आत गेलो. मी मधोमध उभी राहिले, गवत पायाला लागत होतं. वळून पाहिलं तर काका कोपऱ्यातल्या दगडापाशी उभे. चपला काढलेल्या, हातात पाण्याची बाटली.

"या ना काका, ऊन आहे," मी म्हणाले.

ते हलले नाहीत. मोठ्याने हाक मारली, जणू मी फर्लांगभर लांब होते, "कोनी हाये का वो? येऊ का आत?"

मला आधी हसू आलं. मग एकदम कळलं. बापाच्या घरी, भावांच्या घरी, होस्टेलवर, त्यांच्याच वरच्या खोलीत, सगळीकडे मीच दारात उभी राहून विचारत आले होते. मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी रडायला लागले, अगदी उघड्यावर, शेजारच्या बाई गॅलरीतून पाहत असताना.

"बोलाव ना वं त्याईले," काकू म्हणाल्या. "भाकरी निब्बर होऊन राह्यल्या."

मी डोळे पुसले आणि कोपऱ्याकडे पाहून म्हटलं, "या काका. माझ्या जागेत या."

काकांनी मान डोलावली. आणि मग मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं कुणाच्या तरी प्लॉटमधून सरळ तिरपं चालत येताना पाहिलं.